पाचशे वर्षांची हमी

आमच्या भागात कुणाला मानपत्र दिलं की देणाऱ्याची जबाबदारी टाळ्या थांबेपर्यंतच असते. अंगद सरांची तिथून सुरू व्हायची. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा, असे वर्षातून दोनदा ते आपण रंगवलेल्या प्रत्येक मानपत्राच्या तपासणीला निघायचे. पिशवीत बॅटरी, एक मऊ ब्रश, कापराच्या वड्या आणि कडुलिंबाचा सुकवलेला पाला. दारात रामराम झाला की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पत्र कुठं हाय?" आतल्या बायकांना वाटायचं, कोर्टातून कुणीतरी आलंय. मग घरात धावाधाव व्हायची आणि मानपत्र कधी माळ्यावरून, कधी पलंगाखालून, एकदा तर देवघराच्या मागून निघायचं. अंगद सर ते उलगडून बॅटरीच्या उजेडात कसर शोधायचे, जिभेनं च्‌ च्‌ करायचे आणि घरमालकाला चार शब्द सुनावून पुढच्या गावाला निघायचे.

या दौऱ्यांवर मोटारसायकल मी चालवायचो. आम्ही दोघं एकाच शाळेत. ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. आणि त्यांच्या मानपत्रांचा मजकूर माझा असायचा. सोनं, वेलबुट्टी, रंगीत किनार हे त्यांचं. 'दीनदुबळ्यांचे कैवारी, विकासाचे भगीरथ, शिक्षणाची गंगा दारोदारी नेणारे' हे माझं. मी एकदा कैवारी म्हटलेला माणूस पुढे कशात सापडला, हे पेपरात वाचलं की मी पान उलटायचो. भाषा म्हणजे मंडपासारखी, एकाचं कार्य झालं की दुसऱ्याच्या दारात उभी करायची, असं माझं त्या काळी मत होतं.

सरांना हे खूळ लागलं ते औरंगाबादला चित्रकलेची पदविका घेताना. तिथल्या रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ फाटलेलं, भाषा कुठली ते ना त्यांना कळलं ना मला. पण आत पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या हस्तलिखितांची रंगीत चित्रं होती. पानाच्या चारी बाजूंनी फुलं, पक्षी, ससे, पंखवाली पोरं, आणि सगळीकडे सोनं. ते पुस्तक त्यांनी तीस वर्षं पाहिलं. वाचलं एक अक्षर नाही. हातात मोबाईल आल्यावर ते परदेशातल्या कारागिरांचे व्हिडिओ बघायला लागले, तेही आवाज बंद करून. मी विचारलं तर म्हणाले, "आवाज कावून पायजे? हात बघायचेत. बोलायला तुमी हाय की."

हात बघून ते जे शिकले त्याचा त्रास मात्र सगळ्या गावाला झाला. सोन्याचा वर्ख हैदराबादहून यायचा, आणि तो कागदाला चिकटवायला अंड्यातलं पांढरं लागायचं. केशरवहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, गळ्यात माळ. घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. मग अंडं फुटायचं माझ्या स्वयंपाकघरात. पांढरं इटलीला जायचं, पिवळं माझ्या तव्यावर. त्यानंतर सोनं घोटायचं. पूर्वी ते लोक कुत्र्याच्या दातानं घोटत, असं सरांना कुठूनसं कळलं आणि ते कुत्र्याच्या दातामागे लागले. चौसाळ्याजवळ हायवेवर गाडीखाली आलेलं एक कुत्रं दिसलं, तेव्हा त्यांनी मला मोटारसायकल थांबवायला लावली. ते पक्कड घेऊन खाली बसले, मी रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो. तेवढ्यात एका विद्यार्थ्याचे वडील गाडी थांबवून म्हणाले, "काय झालं सर? तुमचं होतं का?" मी हो म्हणालो. त्या भल्या माणसानं मला धीर दिला आणि अंगद सरांकडे बघून टोपी काढली. पुढे सरांनी दात टाकून अंगठीतला अकीकाचा खडा वापरायला सुरुवात केली, पण गावात माझं कुत्रं वारल्याची बातमी राहिली ती राहिलीच.

खरी फजिती झाली ती कातड्यापायी. इटलीतली ती पानं कागदाची नसून कातड्याची, हे समजल्यावर सरांनी हलगीवाल्याकडून शेळीचं कातडं आणलं, घासून पातळ केलं आणि त्यावर उमापूरच्या सप्ताहात एका कीर्तनकार महाराजांसाठी मानपत्र रंगवलं. देखणं झालं होतं. मीही 'भक्तिमार्गाचे दीपस्तंभ' वगैरे मन लावून लिहिलं होतं. महाराजांनी ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं, आणि तसंच धरून एक मोठा श्वास घेतला. मग हळूच विचारलं, "हे कशाचं हो?" सर अभिमानानं म्हणाले, "शेळीचं. हलगीवाल्याकडून निवडून आणलंय, लई तरणी होती." माईक चालू होता. महाराज तसेच उठून आंघोळीला गेले आणि काल्याचं कीर्तन दोन तास उशिरा सुरू झालं. तेव्हापासून सर हातकागदावर आले.

त्यांची किनार मात्र पाहण्यासारखी असायची. सुरुवातीला त्यांनी पुस्तकाबरहुकूम पंखवाली उघडी पोरं काढली. पहिल्याच सत्कारमूर्तीनं विचारलं, "ही कुणाची पोरं? कपडे कावून न्हाईत?" मग सरांनी पोरं सोडली आणि आजूबाजूचं काढायला लागले. करडईचं काटेरी केशरी फूल, फुटलेलं सीताफळ, कापसाचं बोंड, तुरीच्या शेंगेतली अळी, बांधावर कान टवकारून बसलेला ससा. एक बोंड रंगवायला त्यांना चार दिवस लागायचे. मजकूर माझा अर्ध्या तासात व्हायचा. मी एकदा चिडवलं, "सर, लोक नाव वाचतात. बोंड कोण बघतंय?"

ते मान वर न करता म्हणाले, "इंगळे सर, तुमचा मजकूर सहा म्हैन्यात खोटा पडतो. ह्ये बोंड कदी खोटं पडंल का? म्या पाचशे वर्षांची हमी देतो. तुमी निवडणुकीपर्यंतची तरी द्या."

मला राग आला होता. तरी मी हसलो.

आता तात्यासाहेबांबद्दल सांगायला हवं. ते आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यांच्या वडिलांनी काढलेली, मास्तर त्यांनी भरलेले, आणि गावात त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. त्यांच्या एकसष्टीला अंगद सरांनी आठ महिने खपून एक मानपत्र केलं. हातभर रुंद, उलगडलं तर पुरुषभर लांब. त्यात काय नव्हतं? ज्वारीची कणसं, त्यांवर बसलेली पाखरं, गोफण घेतलेली बाई, तळाशी खेकडा. आणि मध्ये माझी सतरा विशेषणं. मी ती मोजून घातली होती, कारण आधीच्या वर्षी तात्यांच्या विरोधकाच्या मानपत्रात सोळा पडली होती आणि ते तात्यांच्या कानावर गेलं होतं. कार्यक्रमात ती वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. मानपत्र कुणीतरी गुंडाळून गाडीत टाकलं.

पुढच्या तपासणीला आम्ही तात्यांच्या घरी गेलो. तात्या बीडला गेले होते, घरी त्यांच्या पत्नी होत्या. मोठ्या मनाची, बोलकी बाई. "पत्र कुठं हाय?" म्हटल्यावर त्या हसत म्हणाल्या, "या की, दावते," आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथे घरघंटी चालू होती. तिच्या तोंडाला नाड्यानं बांधलेलं, खाली डब्यात सोडलेलं नरसाळं म्हणजे अंगद सरांचं आठ महिन्यांचं काम होतं. चित्राची बाजू आत. पीठ त्यातून घसरत डब्यात पडत होतं.

"लई कामाला येतंय बघा सर," त्या म्हणाल्या. "आदी समदी पडवी पांढरी व्हायची. आता जरा बी उडत न्हाई. तुमी चांगलं जाड केलंय."

मी सरांकडे बघायचं टाळलं. त्यांनी चहा घेतला. घरघंटी बंद व्हायची वाट बघितली. मग स्वतःच्या हातानं नाडा सोडला, पडवीतच जमिनीवर बसून ब्रशनं एकेका कणसावरचं पीठ झाडलं, गुंडाळी करून काखेत घेतली आणि म्हणाले, "वैनी, ह्ये मी घेऊन जातो. तुमाला ह्ये लागत न्हाई, नरसाळं लागतं." त्या म्हणाल्या, "न्या की. पण मग पिठाचं कसं?" दुसऱ्या दिवशी सरांनी चौसाळ्याच्या बाजारातून पत्र्याचं उत्तम नरसाळं घेऊन पाठवून दिलं. त्यांच्या दृष्टीनं व्यवहार संपला होता.

गावाच्या दृष्टीनं तो आता सुरू झाला. दिलेलं मानपत्र परत घेतल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हॉटेलात, तिसऱ्या दिवशी मोबाईलवर आणि आठवड्याभरात तालुक्याला बातमी झाली की खुद्द तात्यांच्या शाळेतल्या मास्तरनं तात्यांचा मान काढून घेतला. विरोधकांनी पेढे वाटले. निवडणूक तोंडावर होती आणि तात्या उभे राहणार होते. मानपत्र घरात कुठे आहे हे ज्या तात्यांना इतके महिने माहीत नव्हतं, त्यांना आता त्यावाचून जेवण जाईना.

त्यांनी मला बोलावलं. समोर चार माणसं बसलेली. "इंगळे, तुमचा दोस्त येडा हाय का शाना हाय?" त्यांनी विचारलं. मी दोन्ही बाजूंनी मान हलवली. "त्येला सांगा, सोमवारपोतर पत्र माझ्या हापिसात पायजे. न्हाईतर मंगळवारी बदलीचा कागद. तांड्यावरच्या शाळेत जा म्हणावं, तिथं काढ ससे."

तांड्यावरची शाळा म्हणजे काय, हे संस्थेतल्या प्रत्येक मास्तरला ठाऊक होतं. दिवाळी झाली की पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. वर्गात फळा आणि मास्तर एवढेच उरायचे. पट कमी पडला की मास्तर अतिरिक्त ठरायचा आणि मग कुठल्या कोपऱ्यात फेकला जाईल याचा नेम नाही. सरांची निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. केशरवहिनींचे गुडघे गेलेले, त्यांना सोडून रोज तीस मैल जाणं-येणं शक्य नव्हतं. हे सगळं मी शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, त्यांना चित्रकलेच्या खोलीत बसून समजावलं. मी चांगलं बोललो. आयुष्यात मी वाईट बोललोच नाही.

सरांनी मानपत्र टेबलावर पसरलं होतं. पीठ बरंचसं निघालं होतं, पण सोन्यावर बारीक ओरखडे उठले होते. त्यांनी मला विचारलं, "तात्यांला ह्यातलं नक्की काय पायजे?"

"मानपत्र हवंय, सर."

"तसं न्हाई. नीट सांगा. खेकडा पायजे का?"

"खेकडा कशाला हवाय त्यांना?"

"कणसं?"

"नाही."

"मग नाव पायजे. अन्‌ तुमची सतरा इशेषणं." त्यांनी खणातून पट्टी आणि ब्लेड काढलं. मी "सर, सर" म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या मजकुराच्या चारी बाजूंनी सरळ रेषेत ब्लेड फिरवलं. हात जराही हलला नाही. पाचशे वर्षं टिकायला म्हणून केलेला कागद कापताना बारीक आवाज झाला, तो मला अजून आठवतो. मधला तुकडा त्यांनी अलगद उचलला, पाकिटात घातला आणि माझ्या हातात दिला. "ह्ये त्येंला द्या. सांगा, तुमचं तुमाला दिलंय. माझं मी ठिवलंय." टेबलावर उरली ती नुसती किनार, आणि मध्ये एक चौकोनी भोक. त्यातून टेबलावरचे शाईचे डाग दिसत होते.

ते पाकीट घेऊन मी तात्यांच्या ऑफिसात गेलो. एवढा उघड अपमान, आणि तो माझ्या हस्ते. तात्यांनी पाकीट उघडलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग बोट ठेवत पुन्हा वाचलं, बहुतेक मोजत असावेत. सतरा भरली. त्यांचा चेहरा फुलला. "हां, आता कसं!" ते म्हणाले. "आधी त्या पाल्यापाचोळ्यात नावच दिसत नव्हतं. सुटसुटीत केलं मास्तरनं." आणि ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "जा बे, ह्येला लॅमिनेशन करून आण." संध्याकाळपर्यंत तो तुकडा प्लास्टिकमध्ये चकाकत त्यांच्या खुर्चीमागे लागला. बदलीचा विषय संपला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते सांगायचे की सरांनी मानपत्र दुरुस्तीसाठी नेलं होतं.

खरं सांगतो, मला आनंद झाला होता. मित्र वाचला म्हणून झाला, आणि माझा मजकूर भिंतीवर लागला म्हणूनही झाला. मी तसाच सरांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसून रंगाच्या वाट्या धूत होते.

"बघितलं का त्येंनी?" त्यांनी विचारलं.

"बघितलं. खूश झाले. बदली रद्द."

"तसं न्हाई. काय कापलंय ते बघितलं का?"

"लॅमिनेशन करून घेतलं त्यांनी," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग परत वाटी धुवायला लागले. ती आधीच स्वच्छ झाली होती. "म्हंजी कळलंबी न्हाई," ते म्हणाले. आठ महिन्यांच्या कामावर स्वतः ब्लेड चालवून त्यांनी त्या माणसाच्या थोबाडीत मारली होती आणि त्या माणसानं गालावरून हात फिरवून चांगली मालिश केलीस म्हटलं होतं. मी त्यांना एवढं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. वहिनींनी चहा आणला, तो तसाच गार झाला.

त्यानंतर त्यांनी एकही मानपत्र केलं नाही. तपासणीचे दौरेही बंद झाले. ती किनार मात्र काचेत बसवून घरातल्या पुढच्या खोलीत लावली. गोफणवाली बाई, पाखरं, खेकडा, आणि मध्ये भिंतीचा चुना. पाहुणे विचारायचे, ह्ये असं कावून? सर म्हणायचे, "जागा रिकामी हाय. माणूस बघतोय." एका आमदाराच्या माणसानं किंमत विचारली, तर त्याला म्हणाले, "बसत न्हाई तुमचा सायेब त्यात. मापात बसत न्हाई." वहिनींनी एकदा सुचवलं, गणपतीचं चित्र लावा की मध्ये. तेव्हा म्हणाले, "देवाला कशाला पायजे मानपत्र? त्येला काय निवडणूक लढवायचीय?"

निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात सहा दिवस होते. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "ह्येंचा चुना बगा. दोन पावसाळे न्हाई टिकणार." ते आमचं शेवटचं बोलणं. मला त्यांच्याशी आणखी बोलायचं होतं, पण भेटायची वेळ संपली होती आणि मला वाटलं, परवा येऊच.

शोकसभा शाळेत ठेवायचं ठरलं. तात्यांनी मला बोलावून सांगितलं, "इंगळे, मरणोत्तर मानपत्र देऊ. त्येच्या घरी ती रिकामी चौकट हाय ना, तीच आणा. मधी तुमी लिव्हा काहीतरी जोरदार." कल्पना मलाही आवडली. आवडली काय, रडूच आलं. त्या मोकळ्या जागेत बसणारा माणूस दुसरा होताच कोण? मी त्यात रात्र घालवली नाही, नेहमीसारखा अर्ध्या तासात मजकूर केला, पण या वेळी मनापासून. 'कलातपस्वी'ने सुरुवात केली. कागद खिशात घालून सरांच्या घरी गेलो.

केशरवहिनींनी सगळं ऐकून घेतलं. भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

"सर, चहा घ्या," त्या म्हणाल्या. "चौकट तेवढी मागू नका."

"का वहिनी? त्यांच्यासाठीच तर मागतोय."

"दवाखान्यात बोलले मला. म्हणले, कुणीबी मागितली तर दे. इंगळे सरांला तेवढी देऊ नको." त्यांनी पदर सावरला. "म्हणले, माणूस लई चांगला हाय, माझा दोस्त हाय. पण त्यो त्यात लिव्हील."

मी चहा घेतला. वाईट वाटलं, रागही आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. खिशातला कागद मी बाहेर काढलाच नाही.

शोकसभेत चौकट नव्हती म्हणून तात्या नाराज होते. चार जणांनी भाषणं केली. सरांना कुणी चित्रमहर्षी म्हणालं, कुणी आणखी काही. त्यातले दोन-तीन शब्द माझेच होते, जुन्या मानपत्रांतून उचललेले. मग माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर गेलो आणि म्हणालो, "अंगद सर माझे मित्र होते." तिथून पुढे वाक्य सुचेना. मी खाली येऊन बसलो. मुख्याध्यापकांना वाटलं मला हुंदका आलाय, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मागच्या रांगेतल्या तात्यांचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला, "बस? येवढंच?"